‘टाइप ए’ आणि ‘टाइप बी’

व्हिडिओ गेम हा विषय वाङ्मयीन मासिकाच्या पानांस शोभण्याजोगा नाहीं, असा आमच्या कांहीं वाचकांचा समज असेल. पण हें मासिक ज्या घरीं दिवाणखान्यांत वाचलें जातें, त्याच घरीं पलीकडच्या खोलींत कोणी मुलगा किंवा मुलगी तासन् तास अशा एखाद्या खेळांत गढलेली असते, ही गोष्ट आतां नाकारण्यांत अर्थ नाहीं. त्या खेळाच्या आरंभींच बहुधा एक पडदा येतो. आपणांस कोणता देह धारण करावयाचा, त्याचा वर्ण कोणता, केस कसे, आवाज कसला, हें सारें तेथें ठरवावयाचें असतें. या एका पडद्यावरून पाश्चात्य देशांत गेलीं दहा-बारा वर्षें जें रण माजलें आहे, त्याचे पडसाद आपल्याकडील तरुण मंडळींतही उमटूं लागले आहेत. एक पक्ष म्हणतो, नसते पर्याय घुसडून खेळ नासवला. कंपन्या म्हणतात, आम्ही सर्व दारें खुलीं केलीं, आतां तक्रार कसली? आमच्या मतें पहिल्या पक्षाचें म्हणणें खोटें आहे आणि दुसऱ्याचें अर्धेंच खरें आहे.

पहिल्या पक्षाचें एक आवडतें वाक्य आहे: ‘अहो, हा तर खेळ! त्यांत एवढें काय?’ त्यांत एवढें कांहींच नसतें, तर यादींत वाढलेल्या एका ओळीवरून हीच मंडळी आठवडेच्या आठवडे हमरीतुमरीवर आली नसती. शिवाय हा कज्जा काल-परवांचा नाहीं. १९७८ सालीं ‘अ‍ॅडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचें खेळाडूंकरितां नियमपुस्तक निघालें. हा खेळ कागद, पेन्सिल व फांसे घेऊन खेळावयाचा. पुढें संगणकावरील साहसी खेळांनीं आपलें बरेचसें व्याकरण त्याच्यापासूनच उचललें. त्यांत मानवी पुरुषाचें बळ ‘१८ वर १००’ या मापापर्यंत जाऊं शकतें, पण मानवी स्त्रीचें ‘१८ वर ५०’ याच्या पुढें जाऊं शकत नाहीं, असा स्पष्ट निर्बंध होता. ज्या जगांत सर्प अग्नि ओकतात आणि मांत्रिक बोटाच्या इशाऱ्यानें माणसें झोपवितात, त्या जगांत ग्रंथकारांस निसर्गनियमाची आठवण झाली ती नेमकी बाईच्या दंडाशीं येऊन! १९८२ च्या ‘मिस पॅक-मॅन’मध्यें तर देह असा नव्हताच, होतें तें एक पिंवळें वर्तुळ. तरी तें स्त्री आहे हें कळावें म्हणून त्यास फीत बांधून ओंठ रंगवावे लागले. ‘पोकेमॉन’ १९९६ सालीं जपानांत निघाला तेव्हां खेळणारा मुलगाच असणार हें गृहीत होतें. मुलगी होऊन खेळण्याची सोय २००० सालच्या ‘क्रिस्टल’ आवृत्तींत प्रथम झाली. उलट १९८३ च्या ‘अल्टिमा ३’मध्यें पुरुष, स्त्री आणि ‘इतर’ असे तीन पर्याय होते. तेव्हां तिसरा पर्याय हें आजच्या काळाचें थेर आहे ही समजूतही टिकत नाहीं.

दुसरी सबब खर्चाची. २०१४ सालीं युबिसॉफ्ट कंपनीचा ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ हा खेळ निघाला. चार खेळाडूंनीं मिळून खेळण्याची त्यांत सोय होती, आणि चौघेही पुरुष! असें कां म्हणून विचारतां कंपनीच्या माणसांनीं सांगितलें कीं, स्त्री-पात्र घालावयाचें तर हालचालींचें व पोशाखांचें काम दुप्पट होतें. याच मालिकेच्या आधींच्या एका भागांत हालचालींचें काम पाहिलेले जोनाथन कूपर यांनीं लागलीच जाहीर केलें कीं, आपल्या अंदाजें हें एक-दोन दिवसांचें काम आहे. याच मालिकेंत २०१२ सालीं अव्हेलीन नांवाची नायिका घेऊन एक संपूर्ण खेळ निघून गेला होता, ही गोष्ट तर या कंपनीस कोणी सांगावयास नको होती. आणि ‘युनिटी’चें कथानक कोठलें? फ्रेंच राज्यक्रांतीच्या पॅरिसमधलें! १७८९ च्या ऑक्टोबरांत भाकरीसाठीं व्हर्सायवर चालून जाऊन राजाला पॅरिसला आणणारा जमाव मुख्यत्वें बायकांचा होता. १७९३ सालीं मारा याच्या छातींत सुरी खुपसणारी शार्लट कॉर्दे ही बाईच होती. इतिहासांत ज्यांना सुरी मिळाली, त्यांना खेळांत ती परवडत नाहीं म्हणून नाकारण्यांत आली.

यावर व्यापारी बुद्धीचा माणूस म्हणेल, स्त्री-पात्र दिलें तरी तें निवडतो कोण? येथें ‘मास इफेक्ट’चें उदाहरण पाहण्यासारखें आहे. २००७ पासून २०१२ पर्यंत निघालेल्या या तीन खेळांचा नायक शेपर्ड हा पुरुषही होऊं शकतो व स्त्रीही. आणि जेनिफर हेल या नटीनें स्त्री-शेपर्डला दिलेला आवाज तर रसिकांनीं वाखाणलेला. पण जाहिरातींतून वर्षानुवर्षें दिसला तो पुरुषच. २०११ सालीं स्त्री-शेपर्डचें रूप कसें असावें यावर लोकांचीं मतें घेण्यांत आलीं. पुरुषाच्या चेहऱ्यासाठीं अशी पंचायत कधीं भरली नाहीं. आणि तिसऱ्या भागाच्या वेष्टनावर तिला जागा मिळाली ती आंतल्या बाजूस! विकत घेऊन घरीं आणावें, कागद बाहेर काढून उलटा घालावा, मग बाईसाहेबांचें दर्शन घडावें. यानंतर २०१३ सालीं कंपनीकडूनच आंकडा बाहेर आला कीं, तिसऱ्या भागांत शेंकडा १८ खेळाडूंनींच स्त्री निवडली. त्याचा आधार घेऊन ‘पाहा, मागणीच नाहीं’ म्हणणारे कमी नव्हते. पुढें २०२१ सालीं तिन्ही भाग एकत्र नव्यानें निघाले तेव्हां हेंच प्रमाण शेंकडा ३२ झालें. हा सगळा फरक वेष्टनामुळें पडला असें आम्ही म्हणत नाहीं. पण जो माल दुकानदार फळीच्या मागें ठेवतो त्याची विक्री होत नाहीं, हें गिऱ्हाइकाच्या रुचीचें प्रमाण मानतां येत नाहीं, इतकें तरी मान्य व्हावें.

आतां कंपन्यांच्या नव्या उदारपणाकडे वळूं. २०२० सालीं नव्यानें घडविलेल्या ‘डीमन्स सोल्स’मध्यें व २०२२ च्या ‘एल्डन रिंग’मध्यें ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ हे शब्द काढून त्यांच्या जागीं ‘टाइप ए’ आणि ‘टाइप बी’ अशीं अक्षरें बसविलीं आहेत. एका पक्षानें यावर सुतक पाळलें, दुसऱ्यानें गुढी उभारली. आम्ही विचारतों, बदललें काय? देह पूर्वीं दोन होते, आतांही दोनच आहेत. एक पूर्वींचा पुरुष, एक पूर्वींची स्त्री. बारशाचें नांव पालटल्यानें पाळण्यांतलें मूल पालटत नाहीं. दाढी, केस, चेहरा यांची निवड सर्वांस मोकळी ठेवली हा या खेळांतला खरा लाभ, आणि त्याबद्दल आम्ही कर्त्यांस धन्यवाद देतों. पण पाटी पुसणें म्हणजे सुधारणा नव्हे.

याहून मासलेवाईक प्रकार २०२० च्या ‘सायबरपंक २०७७’चा. ज्या अवयवांचा उच्चार या पानांत करणें शिष्टसंमत होणार नाहीं, त्यांचीही निवड तेथें खुली आहे, आणि तिचा गवगवा थोडाथोडका झाला नाहीं. परंतु लोकांनीं आपणांस ‘तो’ म्हणावें कीं ‘ती’, हें मात्र निवडलेल्या आवाजावरून ठरतें. जाड आवाज घ्याल तर सारें शहर तुम्हांस ‘तो’ म्हणणार, मग बाकीचा देह कसाही असो. म्हणजे जें कपड्याखालीं झांकलेलें राहावयाचें त्यांत स्वातंत्र्य, आणि जें खेळभर कानांवर पडावयाचें त्यांत दावें बांधलेलें! २०२३ च्या ‘बॉल्डर्स गेट ३’नें देह, आवाज आणि सर्वनाम या तिन्ही गांठी निरनिराळ्या सोडविल्या, हें उत्तम केलें. तरी त्यांतल्या चार देहांत एकही स्थूल नाहीं. राक्षसकुळींचा नायक चालतो, पण पोट सुटलेला चालत नाहीं.

ही गांठ सोडवितां येते याचा पुरावा ‘द सिम्स ४’नें २०१६ सालींच दिला होता. अंगाचा बांधा कसा, पोशाखाची आवड कोणती, गर्भ धारण करतां येतो कीं नाहीं, हे तेथें स्वतंत्र प्रश्न केले, आणि सातशेंहून अधिक वस्त्रें, केशभूषा व अलंकार एका बाजूच्या कपाटांतून काढून सर्वांस मोकळे केले. २०२२ सालीं सर्वनामेंही खेळाडूच्या हातीं दिलीं. ‘मॉन्स्टर हंटर’मध्यें पूर्वीं पुरुषाचें चिलखत निराळें, बाईचें निराळें, २०२५ च्या ‘वाइल्ड्स’मध्यें कोणीही कोणतेंही घालावें अशी मोकळीक झाली. त्यामुळें शिकार करण्यांत कांहीं उणीव आली असें आमच्या ऐकिवांत नाहीं.

वर्णाचा आणि केसांचा प्रश्न तर आपल्या अंगाला अधिक लागून आहे. येल विद्यापीठांतील थिओडोर किम यांनीं २०२० सालीं ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्यें दाखवून दिलें कीं, संगणकानें माणूस रंगविण्याचें शास्त्र हें गोरी कातडी आणि सरळ केस यांभोंवतीं वाढलें. गोऱ्या त्वचेंतून उजेड आंत शिरून पसरतो, त्याचें गणित शास्त्रज्ञांनीं बारकाईनें मांडलें. सांवळ्या त्वचेवर उजेड चमकून परततो, तिकडे तेवढें लक्ष गेलें नाहीं. कुरळ्या केसांचीही तीच गत. म्हणून ‘सिम्स ४’मधील काळे-सांवळे चेहरे राख फांसल्यासारखे दिसतात अशी खेळाडूंची ओरड कित्येक वर्षें चालू होती, आणि २०२० च्या डिसेंबरांत शंभराहून अधिक नव्या छटा आल्या तेव्हां कोठें ती शमली. ‘पोकेमॉन’मध्यें त्वचेचा रंग निवडण्याची सोय २०१३ सालीं झाली. आपल्या घरांत ‘वधू पाहिजे’च्या जाहिरातींतून ‘गोरी, सडपातळ’ हे शब्द अजून गेलेले नाहींत. तेंच मोजमाप खेळाच्या पहिल्या पडद्यावर पुन्हा भेटलें तर आपली सांवळी मुलगी त्याला जगाचा नियम समजेल, यांत तिचा काय दोष?

कांहीं पालकांस वेगळीच काळजी वाटते. मुलगा खेळांत बाईचें सोंग घेतो, यानें त्याची प्रकृति बिघडेल. हें ऐकून आम्हांस हंसूं येतें. ज्या महाराष्ट्रानें नारायणराव राजहंसांना बालगंधर्व म्हणून डोक्यावर घेतलें, ज्यांचें लुगडें नेसणें व अलंकार घालणें पाहून कुलीन स्त्रिया आपला साजशृंगार ठरवीत, त्या महाराष्ट्रांत सोंगाची एवढी धास्ती कां? आणि जें सोंग नसून ज्याचें त्याचें जिणें आहे, त्यासंबंधानें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालींच तृतीयपंथीयांस कायद्याची मान्यता दिली आहे. न्यायालयानें जी ओळख मान्य केली ती खेळाच्या यादींत दिसली म्हणून घाबरून जाण्याचें कारण नाहीं.

येथें कोणी आमच्यावरच कोटि करील: मग प्रत्येक खेळानें सर्व कांहीं निवडूं द्यावें असा तुमचा हट्ट आहे काय? मुळींच नाहीं. ‘रस्ट’ या खेळांत खेळाडूचा वर्ण २०१५ पासून आणि लिंग २०१६ पासून खेळच ठरवितो, तें बदलतां येत नाहीं. पुष्कळ पुरुष खेळाडू एके सकाळीं बाई होऊन जागे झाले आणि संतापले. आम्हांस तो खेळ प्रामाणिक वाटतो, कारण तेथें कोणत्याही देहास बळाचें माप कमी पडत नाहीं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स यांनीं २०२० सालीं काढलेल्या ‘राजी’मध्यें नायिका एकच, ठरलेली; भावाच्या शोधास निघालेल्या त्या मुलीच्या जागीं दुसरें कोणी निवडूं द्या असें कोणीही शहाणा म्हणणार नाहीं. कथा कोणाची हें कर्त्यानें ठरवावें, तो त्याचा अधिकार. तक्रार आहे ती देतों म्हणून सांगून हात आंखडणाऱ्यांविरुद्ध, आणि जें दिलें त्याचे निराळे पैसे मोजून घेणाऱ्यांविरुद्ध. ‘सिम्स ४’मध्यें मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवरून सुचलेले पोशाख २०२१ सालीं आले, ते वेगळ्या किंमतीस. अमेरिकन सदरा मूळ खेळांत आणि मुंबईचा पेहराव वरकड, ही वांटणी आमच्या वाचकांनीं जरूर ध्यानांत घ्यावी.

मराठींत असे खेळ होऊं लागतील तेव्हां हा वाद आणखी अवघड वळण घेईल. इंग्रजींत एक सर्वनाम बदललें कीं काम भागतें. क्रियापद जागचें हलत नाहीं. आपल्याकडे ‘मी गेलों’ कीं ‘मी गेलें’ हें ठरल्याशिवाय नायकास तोंडच उघडतां येत नाहीं. आदरार्थी बहुवचनाचा आडोसा घ्यावा तर तेथेंही ‘ते आले’ आणि ‘त्या आल्या’ हा भेद उभाच. तेव्हां तूं आपल्याविषयीं कसा बोलतोस, कशी बोलतेस, किंवा दोन्ही टाळून कसें बोलूं पाहतोस, हें आपल्या खेळकर्त्यांस पहिल्या पडद्यावरच विचारावें लागेल, आणि उत्तराप्रमाणें शेंकडों वाक्यें दोन-दोन, तीन-तीन वेळां लिहून नटांकडून वदवून घ्यावीं लागतील. काम दुप्पट होतें, ही सबब तेथें पहिल्याच दिवशीं ऐकूं येईल.