बंद होणे हेही एक कामच

रोकड जुळल्याशिवाय कोणताही रोखपाल तिजोरीला कुलूप लावत नाही. ई-मेलच्या बाबतीत मात्र आपण नेमके उलट वागतो. संगणकावरील क्लासिक आउटलुक बंद करताना पडदा गोठला, की टास्क मॅनेजरमधून ते सक्तीने संपवायचे किंवा थेट विजेचे बटण दाबायचे, ही सवय घरी आणि कार्यालयातही सर्रास आढळते. ती मोडली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बंद होण्याची आज्ञा मिळताच आउटलुकला बरीच आवराआवर करावी लागते. फाइलमधील नोंदी पूर्ण करणे, तसा पर्याय निवडला असल्यास पुसलेले संदेश कायमचे काढून टाकणे आणि जोडलेल्या ॲड-इनना निरोप देणे, ही सारी कामे त्यात येतात. एखादे ॲड-इन अडून बसले की सगळेच खोळंबते. २००९ साली आउटलुक २००७ च्या सर्व्हिस पॅक २ मध्ये ॲड-इनसाठी न थांबता बंद होण्याची सोय आली, तरी तक्रारी पुरत्या मिटल्या नाहीत.

अशा वेळी मध्येच घाव घातला, तर पीएसटी फाइल बिघडू शकते. खात्याची विवरणे, हप्त्यांच्या पावत्या आणि वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार अनेकांनी त्या एकाच फाइलमध्ये साठवलेला असतो. वादाच्या प्रसंगी तोच आपला पुरावा ठरतो.

म्हणून प्रथम काही मिनिटे थांबावे. दोष वारंवार उद्भवल्यास कंट्रोल कळ दाबून धरून आउटलुक उघडावे, म्हणजे ते सेफ मोडमध्ये सुरू होते. त्या अवस्थेत ते सुरळीत बंद झाले, तर बहुधा दोष ॲड-इनचा समजावा. सर्व ॲड-इन निष्क्रिय करून एकेक पुन्हा सुरू केल्यास दोषी सापडतो. तरीही अडचण राहिली, तर आउटलुक बंद असताना पीएसटी फाइलची प्रत काढावी आणि मगच ऑफिससोबत येणारे स्कॅनपीएसटी हे दुरुस्ती-साधन वापरावे. ही फाइल नेटवर्कवरील सामायिक फोल्डरमध्ये ठेवून वापरू नये.

मात्र दुरुस्तीच्या नावाखाली कोणी अनोळखी व्यक्ती दूरध्वनीवरून संगणकाचा ताबा मागू लागली, तर तो कदापि देऊ नये. थोडा विलंब सोसता येतो; गमावलेला पुरावा वा ठेव परत मिळेलच, याची शाश्वती नसते.