नेरेत्वाकाठचा शेजार

दिवाळीत घरोघरची मुले अंगणात किंवा गॅलरीच्या कोपऱ्यात मातीचा किल्ला करतात, तेव्हा एक गंमत पाहण्यासारखी असते. बुरूज झाले, दरवाजा झाला, वर भगवा लागला, मावळे उभे राहिले, तरी किल्ला पुरा झाला असे त्यांना वाटत नाही. मग पायथ्याशी वाणी येतो, डोईवर घागर घेतलेली बाई येते, हळीव पेरून शेत उगवते. किल्ल्यावर आणि खाली माणसांचा संसार हवा, हे पोरांना कोणी शिकवावे लागत नाही. थोरांना मात्र तेवढे समजायला कधीकधी फार लांबचा प्रवास करावा लागतो. आमच्या वाट्याला तो बोस्निया-हर्जेगोविना या बाल्कन देशात आला. गावाचे नाव पोचितेल्य. नाव उच्चारताना जीभ जरा अडखळते. पण गाव इतके चिमुकले आहे की, नाव नीट जमेपर्यंत ते पाहूनही होते!

मोस्तार शहरातून दक्षिणेकडे बस निघाली की नेरेत्वा नदी बरोबर येते. पाणी हिरवे, आणि हिरवे म्हणजे पाचूसारखे हिरवे. तीसेक किलोमीटर गेल्यावर डाव्या हाताला एकदम डोंगराची एक कपार उघडते. तिच्यात दगडी घरे, घुमट, मिनार, घड्याळाचा मनोरा आणि अगदी वर किल्ल्याचा बुरूज, अशी सारी वस्ती नाटकगृहातल्या खुर्च्यांप्रमाणे एकावर एक मांडलेली दिसते. भिंती दगडाच्या, पायऱ्या दगडाच्या, कित्येक घरांची छपरेसुद्धा दगडी फरश्यांची. डोंगर कुठे संपला आणि गाव कुठे सुरू झाले, हे चटकन कळत नाही.

अशा अडचणीच्या जागी गाव वसवायचे कारण काय? कारण खाली वाहते आहे. एड्रियाटिक समुद्रावरून बोस्नियाच्या आत जायचे, तर नेरेत्वाचे खोरे ही सोयीची वाट. ज्याच्या हाती पोचितेल्य, त्याची नजर त्या वाटेवर. जुन्या कागदपत्रांत या गडाचे नाव 1444 मध्ये येते. 1463 मध्ये उस्मानी तुर्कांनी बोस्नियाचे राज्य घेतले, तेव्हा हंगेरीचा राजा मॅथियस कोर्व्हिनस याने येथे आपली शिबंदी ठेवली. ती 1471 पर्यंत टिकली. मग गड तुर्कांकडे गेला, तो पुढे चारशे वर्षांवर त्यांच्याकडेच राहिला.

त्या काळात गडाचे गाव झाले. 1562-63 च्या सुमारास हाजी अलियाची मशीद उभी राहिली. पुढच्या शतकात शिश्मान इब्राहिम पाशाने मदरसा, हमाम, प्रवाशांसाठी सराई आणि अन्नछत्र अशा सोयी केल्या. 1664 मध्ये प्रसिद्ध तुर्की प्रवासी एव्लिया चेलेबी येथे येऊन गेला.

हा इतिहास मी पायऱ्या चढता चढता मोठ्या उत्साहाने सांगत होतो. आमच्या सौभाग्यवतींनी तो ऐकून घेतला आणि अर्ध्या वाटेवर एका दगडावर बसत विचारले, "अहो, पण बाजारहाट करून या पायऱ्या रोज चढायच्या म्हणजे इथल्या बायकांचे काय होत असेल?" एव्लिया चेलेबीला हा प्रश्न सुचला होता की नाही, देव जाणे! मी गप्प बसलो आणि पिशवी माझ्याकडे घेतली.

बुरुजावर अरुंद जिन्याने जाता येते. वरून नदीचे वळण दिसते, पलीकडची शेती दिसते, घराघरांच्या अंगणांतली डाळिंबाची आणि अंजिराची झाडे दिसतात. खाली वेशीपाशी बायका तीच फळे विकत होत्या. सुक्या अंजिरांचा कागदी पुडा एकीने बांधला आणि वर दोन अंजिरे फुकट ठेवली. भाषा कळली नाही, तरी हा व्यवहार आम्हाला पुरता कळला. भाषाही अगदीच परकी नव्हे बरे का! दुकानाला तेथे 'दुचान' म्हणतात, साखरेला 'शेचेर', मैदानाला 'मेयदान'. फारसी-अरबी शब्द तुर्कांबरोबर तिकडे गेले आणि सुलतानांबरोबर आपल्या दख्खनेत आले. साखरेचे मूळ तर आपल्या 'शर्करे'तच. शेजाऱ्याला ते 'कोम्शिया' म्हणतात आणि शेजारधर्माला 'कोम्शिलुक'. हा शेवटचा शब्द लक्षात ठेवा.

1878 मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीने बोस्नियाचा ताबा घेतला. किनाऱ्याकडचा डाल्मेशिया प्रांत आधीच ऑस्ट्रियाकडे होता. सरहद्दच उरली नाही, मग पहारेकऱ्याचे काम काय? पोचितेल्यचे महत्त्व ओसरले आणि गाव मागे पडले. पण मागे पडले म्हणूनच ते जुन्या रूपात शिल्लक राहिले. 1964 पासून युगोस्लाव्हियाच्या राजवटीत येथे चित्रकारांची वसाहत भरू लागली. जुन्या गाव्रानकापेतानोविच वाड्यात देशोदेशीचे कलावंत राहू लागले.

आणि मग 1992 चे युद्ध आले. युगोस्लाव्हिया फुटला होता. या भागात बोस्नियाक मुसलमान आणि क्रोएट कॅथलिक प्रथम एका बाजूने लढले. 1993 मध्ये एकमेकांवर उलटले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये क्रोएट सैन्याने हाजी अलियाची मशीद सुरुंगाने उडवली. घरे जाळली गेली, मुसलमान कुटुंबांना हाकलून देण्यात आले. त्याच वर्षी 9 नोव्हेंबरला मोस्तारचा 1566 मधला प्रसिद्ध पूल तोफांच्या माऱ्याने नदीत कोसळला.

बुरुजावर उभे राहिले म्हणजे या घटनेतली भयंकर गोष्ट ध्यानात येते. हा तट दूरच्या शत्रूसाठी बांधलेला. हंगेरियन येतील, तुर्क येतील, समुद्रावरून व्हेनिसचे लोक येतील, यासाठी त्याचे डोळे खोऱ्याकडे लागलेले. या वेळी संकट समुद्रावरून आले नाही. ज्यांच्याशी कालपर्यंत विस्तवाची देवघेव होती, त्या शेजारच्या गावांतच ते वाढले. त्याला अडवील असा तट कोणत्याही गवंड्याने बांधलेला नाही. तेथे रखवाली करायची ती कोम्शिलुकनेच. तो पडला, आणि मग पाच शतकांचा दगड काही कामाला आला नाही.

पुढे डागडुजी झाली, आणि ती मनापासून झाली. 1996 मध्ये जगातल्या सर्वांत धोक्यातल्या 100 वास्तूंच्या यादीत पोचितेल्यचे नाव आले. 2000 मध्ये सरकारने संवर्धनाची योजना हाती घेतली. मशीद पुन्हा उभी राहिली, चित्रकारही परत आले. मोस्तारचा नवा पूल 2004 मध्ये खुला झाला. दगडाच्या कामाला नकाशा असतो, अंदाजपत्रक असते, कुशल कारागीर मिळतात. 1995 च्या डेटन कराराने हाकललेल्यांना घरी परतण्याचा हक्कही दिला. काही कुटुंबे परतली. सगळी परतली नाहीत. हक्क कागदावर मिळतो, पण ज्या आळीतून रात्री पळावे लागले तेथे पुन्हा चूल पेटवायला कागदापेक्षा जास्त काही लागते.

उतरताना काही दारांना कुलपे दिसली, काही अंगणांत कपडे वाळत होते. आमच्या सौभाग्यवती कपडे वाळत असलेली घरे मोजत होत्या. मी त्यांना हसलो नाही. गावाची खरी शिरगणती तीच होती.

तुम्हांपैकी कोणी त्या बाजूला जाणार असाल, तर मोस्तारला मुक्काम ठेवून अर्धा दिवस पोचितेल्यला द्या. पायांत चांगले जोडे असू द्या, उन्हाळा असेल तर सकाळीच जा. ऊन तेथे आपल्या विदर्भाची आठवण करून देते. मशीद पाहा, बुरूज पाहा. मात्र घाईघाईने फोटो काढून बसकडे पळू नका. वेशीवर अंजिरे विकत घ्या, कोणाच्या अंगणात कॉफी मिळाली तर बसून प्या. त्या पायऱ्यांवर राहणाऱ्या माणसाला तेथे राहणे परवडले पाहिजे, आणि त्याच्या शेजारच्या घरातही पुन्हा दिवा लागला पाहिजे. गडाची खरी डागडुजी ती, आणि ती अजून चालू आहे.