रानभाजी की गोळी?

पावसाळा लागला की गडचिरोली-चंद्रपूरच्या बाजारात तरोट्याची कोवळी पाने, कुड्याची फुले, बांबूचे वास्ते येतात. ‘ही गरिबांची भाजी’ म्हणून आपण पुढे जातो आणि म्हातारपण लांबवणाऱ्या म्हणून महागड्या गोळ्या आणतो. हे मला पटत नाही.

हिरव्या पानांत बीटा-कॅरोटीन, जांभळात अँथोसायनिन, आवळ्यात ‘क’ जीवनसत्त्व असते. पेशींची झीज कमी होण्यास ही द्रव्ये मदत करतात, असे मानले जाते. मग तेच गोळीतून का घेऊ नये? फिनलंडमध्ये सुमारे २९ हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. १९९४ साली निष्कर्ष आला, तो उलटाच. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला आढळला. भाजीत एकच द्रव्य नसते. तंतू, क्षार, जीवनसत्त्वे सारे एकत्र पोटात जाते.

तेव्हा वाचकहो, ओळखीची रानभाजी घ्यावी, नीट शिजवावी, थोड्या तेलाची फोडणी द्यावी. तेलामुळे बीटा-कॅरोटीन अंगी लागते. वास्ते मात्र उकळून पाणी टाकूनच खावेत. आणि खर्रा सोडावा. तो तोंडात असेपर्यंत कितीही तरोटा खाल्ला तरी कर्करोगाचा धोका टळत नाही.