बावन्नाव्या वर्षी पाण्यात

आजोळच्या विहिरीत धाकटा मामा बुडाला, तेव्हापासून आईने आम्हांला पाण्याजवळ फिरकू दिले नाही. बरोबरीची पोरे पाठीला भोपळे बांधून उड्या घेत आणि मी काठावर त्यांचे कपडे राखीत असे. त्याच मी यंदा, हसू नका, बावन्नाव्या वर्षी प्रौढांच्या पोहण्याच्या वर्गात नाव घातले!

पंचवीस मीटरचा हौद. आम्ही दहा जण एकामागून एक निघायचे, मी शेवटचा. मागून कोणी येत नाही, एवढीच काय ती सोय. निम्म्यावरच दम संपे. म्हटले, वय झाले. मास्तर म्हणाले, "काका, दम संपत नाही, तुम्ही तो कोंडून ठेवता. तोंड पाण्यात असताना श्वास सोडा, म्हणजे नवा घ्यायला जागा होईल. आणि डोके उचलू नका, पाय बुडतात. तोंड नुसते कुशीला वळवा."

आठवडाभर कठडा धरून बुडबुडे सोडले. वर्गातल्या एक बाई बँकेत आहेत. त्या ते हिशेबाने मोजीत.

काल पलीकडची भिंत हाताला लागली. घरी येऊन आईला सांगितले. ती काही बोलली नाही. टॉवेल घेऊन माझे डोके पुसू लागली.