ध्रुवताऱ्याचे राज्य : अलास्का

क्षेत्रफळाने अमेरिकेतील सर्वांत मोठे राज्य म्हणजे अलास्का. पाच महाराष्ट्र त्यात सहज मावतील; पण २०२० च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या अवघी ७ लाख ३३ हजार. राजधानी जुनो. या शहराला बाहेरून जोडणारा रस्ताच नाही. विमानाने जायचे, नाहीतर बोटीने.

हा प्रदेश अमेरिकेने १८६७ मध्ये रशियाकडून ७२ लाख डॉलरना विकत घेतला. हा व्यवहार करणारे परराष्ट्रमंत्री विल्यम सिवर्ड यांनी बर्फाची पेटी विकत घेतली, अशी तेव्हा थट्टा झाली. पुढे तेथे सोने सापडले, खनिज तेलही सापडले. मात्र राज्याचा दर्जा मिळायला ३ जानेवारी १९५९ हा दिवस उजाडावा लागला. अलास्का हे अमेरिकेचे ४९ वे राज्य.

ध्वज मात्र त्याच्या ३२ वर्षे आधीच ठरला होता, आणि तो काढला होता एका शाळकरी मुलाने! बेनी बेन्सन त्याचे नाव. लहानपणीच आई वारली आणि वडिलांनी त्याला व त्याच्या भावाला अनाथाश्रमात ठेवले. १९२७ मध्ये विद्यार्थ्यांसाठी ध्वजाची चित्रस्पर्धा झाली, तेव्हा तो सातवीत होता. शेकडो चित्रांतून त्याचे चित्र निवडले गेले.

निळ्या रंगावर आठ सोनेरी तारे, एवढाच तो ध्वज. सात तारे आपल्या ओळखीच्या सप्तर्षींचे. पाश्चात्त्यांना त्यात मोठे अस्वल दिसते, ते बळाचे प्रतीक. आठवा ध्रुवतारा. तो पुढे होणाऱ्या राज्याचा, असे बेनीने लिहिले होते. निळा रंग आकाशाचा आणि ‘फर्गेट-मी-नॉट’ या इवल्याशा रानफुलाचा. हेच आज अलास्काचे राज्यपुष्प आहे.

राज्यपक्षी विलो टार्मिगन उन्हाळ्यात तपकिरी असतो, तर हिवाळ्यात बर्फासारखा पांढरा होतो. राज्यवृक्ष सिटका स्प्रूस, राज्यमत्स्य किंग सामन, आणि राज्यखेळ कुत्र्यांनी ओढलेल्या घसरगाड्यांचा.

बक्षिसाच्या १००० डॉलरमधून बेनी पुढे डिझेल इंजिनांची दुरुस्ती शिकला. १९७२ मध्ये त्याचे निधन झाले. त्याने कागदावर काढलेला तारा खरोखरच एका राज्याचा झाला, हे त्याला पाहायला मिळाले. वडिलांच्या मांडीवर जागा न मिळालेल्या बाळ ध्रुवाची गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगतात. अलास्कात त्याच ताऱ्याने एका पोरक्या मुलाचे नाव अढळ केले.