मिस्सेतून काय मिळते?

आज रात्री वसईच्या वाड्यांतून, वांद्र्याच्या गल्ल्यांतून आणि गोव्याच्या गावोगावांतून माणसे ठेवणीतली वस्त्रे नेसून चर्चच्या वाटेला लागतील. आईच्या कडेवर पेंगुळलेली मुले असतील, शाली लपेटलेली वृद्ध मंडळी असतील आणि दारोदारी टांगलेल्या तारकांच्या कंदिलांचा उजेड त्यांच्या वाटेवर पडलेला असेल. नाताळची ही मध्यरात्रीची मिस्सा. ध्वनिवर्धकांच्या नियमांमुळे काही ठिकाणी ती आता मध्यरात्रीच्या आधीच आटोपते. नाव तेवढे जुने राहिले आहे. आमच्या वाचकांपैकी अनेकांना शेजारच्या घरून ह्या मिस्सेचे आमंत्रण आले असेल, आणि उद्या सकाळी करंज्या, कुलकुले व केक यांनी भरलेले ताटही त्याच घरून येईल. ताटाचा अर्थ आपल्याला कोणी सांगावा लागत नाही. मिस्सेचा अर्थ मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतो, आणि खुद्द त्या घरातल्या तरुण मंडळींनाही तो पुरता ठाऊक असतोच असे नाही.

कारण अलीकडे कॅथलिक कुटुंबांतून एक तक्रार वारंवार कानी येते. मिस्सेला जाऊन काही मिळत नाही, असे तरुण म्हणतात. दर रविवारी तीच वाक्ये, तोच क्रम, प्रवचन लांबलेले, गाणे बेसूर; मग घरीच प्रार्थना केली तर काय बिघडले? वडीलधारी मंडळी यावर रागावतात, पण त्यांच्याकडेही नेमके उत्तर असते असे नाही. रविवारची मिस्सा चुकवू नये अशी ख्रिस्तसभेची आज्ञा आहे, एवढेच ती सांगतात.

दुसऱ्याच्या उपासनेविषयी लिहिताना जपून लिहावे, हे आम्ही जाणतो. कॅथलिकांनी काय मानावे हे सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु मिस्सेविषयी त्यांची ख्रिस्तसभा स्वतः जे सांगत आली आहे ते समोर ठेवून पाहिले, तर आम्हांस असे वाटते की ही तक्रार करणारा मनुष्य मिस्सेकडून फार मागतो असे नव्हे. तो फारच थोडे मागतो. सुश्राव्य गाणे, रंगलेले प्रवचन, घटकाभर मनःशांती, एवढीच त्याची अपेक्षा. ह्या गोष्टी तेथे मिळाल्या तर उत्तमच. पण मिस्सा त्यांच्यासाठी नाही.

मिस्सेचे मुख्य भाग दोन, पहिला शब्दाचा आणि दुसरा भाकरीचा. आरंभी सर्वजण, वेदीवरील धर्मगुरूसुद्धा, आपण अपराधी आहोत असे जाहीरपणे कबूल करतात. विचाराने, वाणीने आणि कृतीने घडलेले दोष त्यात येतातच, पण करावयास हवे होते आणि केले नाही, तेही येते. हा शेवटचा प्रकार आम्हांस विशेष लक्षणीय वाटतो. मग बायबलातील वाचने होतात: जुन्या करारातील उतारा, स्तोत्र, प्रेषितांचे पत्र, आणि शेवटी शुभवर्तमान, जे ऐकताना सारी सभा उभी राहते. रविवारच्या वाचनांचे चक्र तीन वर्षांचे असते, त्यामुळे दर रविवारी तेच ऐकावे लागते ही तक्रार वाचनांना तरी लागू पडत नाही. प्रवचनानंतर श्रद्धेचा उच्चार होतो. देव मनुष्य झाला, हे शब्द येताच एरवी मस्तक लववायचे असते. नाताळच्या मिस्सेत मात्र सारे गुडघे टेकतात. आज रात्री कोणी पाहुणे म्हणून गेलेच, तर हा क्षण त्यांनी अवश्य पाहावा.

त्यानंतर वेदीवर गव्हाची बेखमीर भाकर आणि द्राक्षारस आणला जातो. द्राक्षारसात पाण्याचे चार थेंब मिसळतात. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने उच्चारलेले शब्द धर्मगुरू पुन्हा उच्चारतो, आणि कॅथलिक श्रद्धेनुसार त्या क्षणी भाकर ही भाकर राहत नाही. रूप तेच, चव तीच, वजन तेच. पण तत्त्वतः ते ख्रिस्ताचे शरीर होते. १२१५ च्या लॅटरन परिषदेने ह्या परिवर्तनाला नाव दिले, १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने ते अधिक काटेकोर शब्दांत मांडले. पुढे सर्वजण प्रभूची प्रार्थना म्हणतात, एकमेकांस शांतीचे अभिवादन करतात (आपल्याकडे ते बहुधा हात जोडूनच होते), आणि रांगेने पुढे जाऊन ख्रिस्तशरीर स्वीकारतात. त्यालाच कम्युनिअन म्हणतात.

हा क्रम कोणा समितीने बसवलेला नाही. तो फार जुना आहे. लूकच्या शुभवर्तमानात एक कथा आहे. येशूच्या मृत्यूनंतर त्याचे दोन शिष्य निराश होऊन अम्माऊस गावी निघाले असता एक अनोळखी वाटसरू त्यांना भेटतो, वाटभर शास्त्राचा अर्थ उलगडून सांगतो, आणि संध्याकाळी पंगतीला बसून भाकर मोडतो. त्या मोडण्यावरून ते त्याला ओळखतात, आणि तत्क्षणी तो दिसेनासा होतो. आधी शब्द, मग भाकर. इसवी सन १५५ च्या सुमारास रोममध्ये जस्टिन नावाच्या तत्त्वज्ञाने सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या निवेदनात ख्रिस्ती लोक रविवारी जमून काय करतात ते सांगितले आहे. त्यातही वाचने, उपदेश, प्रार्थना, भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस हाच क्रम आहे. जे उपस्थित नसत त्यांचा वाटा सेवक नेऊन देत, आणि जमलेला निधी अनाथ, विधवा, आजारी व बंदिवान यांच्यासाठी ठेवला जाई, असेही तो लिहितो.

तेव्हा मिस्सेला जाणाऱ्या कॅथलिकाने अपेक्षा धरावयाची ती ही, की येथे प्रत्यक्ष देव मला भेटणार आहे, आणि तोही इतक्या साध्या वस्तूच्या रूपाने की मला काही विशेष वाटणारही नाही. ह्या दुसऱ्या अर्ध्यापाशीच बहुतेकांची निराशा होते. अंगावर रोमांच आले नाहीत, डोळ्यांत पाणी आले नाही, म्हणजे काही घडलेच नाही असे ते समजतात. परंतु ख्रिस्तसभेची शिकवण अशी की संस्काराचे फळ भावनेच्या भरती-ओहोटीवर अवलंबून नसते, आणि धर्मगुरूच्या गुणावगुणांवरही नसते. पाचव्या शतकाच्या आरंभी उत्तर आफ्रिकेत ह्याच प्रश्नावरून मोठा वाद पेटला होता. पापी धर्मगुरूच्या हातून दिलेला संस्कारही खरा असतो, कारण देणारा ख्रिस्त असतो, अशी बाजू संत ऑगस्टिनने मांडली. कंटाळवाण्या प्रवचनाचे दुःख यापुढे फार मोठे उरत नाही. अर्थात प्रवचनकारांनी त्यावर विसंबून राहू नये. प्रवचन आठ मिनिटांपेक्षा लांबवू नका, लोकांना झोप येते, असे खुद्द पोप फ्रान्सिस यांनी २०२४ च्या जून महिन्यात सांगितले होते. आमच्या कीर्तनकारांना ही मर्यादा मानवणार नाही!

अपेक्षा ही तयारीतून वाढते, हे व्रतवैकल्ये करणाऱ्या घराला सांगावे लागत नाही. पूर्वी ख्रिस्तशरीर घ्यावयाचे तर मध्यरात्रीपासून अन्न वर्ज्य असे. १९५७ मध्ये पोप बारावे पायस यांनी हा उपास तीन तासांवर आणला, १९६४ मध्ये पोप सहावे पॉल यांनी तो एका तासावर. आजारी आणि कष्टकरी माणसांची सोय झाली हे खरे. पण उपास आखडला तशी अपेक्षाही थोडी आखडली असावी, अशी शंका आम्हांस येते.

भाषेचे मात्र उलट झाले. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोमंतकात 'क्रिस्तपुराण' मराठी ओव्यांत छापले. मिस्सा मात्र त्यानंतर साडेतीनशे वर्षे लॅटिनमध्येच चालली. भाविक माळ जपत, आणि घंटा वाजली की मस्तक लववत. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविषयक दस्तऐवज संमत केला. भाविकांनी मिस्सेला प्रेक्षक म्हणून न बसता समजून-उमजून, पूर्णपणे सहभागी व्हावे, हा त्याचा गाभा होता. बरोबर वर्षाने, डिसेंबर १९६४ मध्ये, ह्याच भाकरीच्या सन्मानार्थ भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी पोप सहावे पॉल मुंबईस आले. भारतभूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना त्यांनी बृहदारण्यकोपनिषदातील, असत्याकडून सत्याकडे ने, ह्या प्रार्थनेचा आधार घेतला होता. पुढे १९६९ मध्ये भारतातील मिस्सेसाठी आरती, समई, अंजली, मांडी घालून बसणे इत्यादी बारा गोष्टींना रोमने अनुमती दिली. काही कॅथलिकांनाच ते रुचले नाही, आणि तो वाद अजून पुरता मिटलेला नाही.

आज वसईत मिस्सा मराठीत होते आणि पहिल्या बाकावरील आजीलाही शब्दन्‌शब्द कळतो. पण शब्द कळला म्हणजे गूढ उमगले असे होत नाही. अमेरिकेतील प्यू संशोधन संस्थेने २०१९ मध्ये केलेल्या पाहणीत, भाकर खरोखर ख्रिस्ताचे शरीर होते असे मानणारे कॅथलिक ३१ टक्केच निघाले. बाकीच्यांपैकी बहुतेकांना ती केवळ खूण वाटत होती. प्रश्नांच्या शब्दरचनेवर पुढे पुष्कळ आक्षेप घेतले गेले. तरी तेथील धर्माध्यक्षांना ही बाब इतकी गंभीर वाटली, की ह्या एका श्रद्धेच्या पुनरुज्जीवनासाठी त्यांनी तीन वर्षांची मोहीम आखली आणि जुलै २०२४ मध्ये इंडियानापोलिस येथे राष्ट्रीय परिषद भरवली.

येथे आमच्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मिस्सेला पाहुणा म्हणून गेलेला हिंदू मनुष्य पुष्कळदा इतरांबरोबर उठून रांगेत उभा राहतो. प्रसाद नाकारू नये, ह्या संस्काराने तो हात पुढे करतो. मग धर्मगुरू क्षणभर थबकतो, आणि दोघांनाही अवघडल्यासारखे होते. ख्रिस्तशरीर हा प्रसाद नव्हे. ते हाती घेताना 'आमेन' म्हणावयाचे असते, आणि त्या एका शब्दात, हे मी मानतो व ह्या सभेचा मी अंग आहे, अशी दोन्ही कबुली असते. जे आपण मानत नाही त्याची कबुली देवासमोर देऊ नये. म्हणून पाहुण्याने आपल्या जागी शांतपणे बसून राहावे. यात अवमान नाही. ज्याच्या हातून गंभीर पाप घडले आणि ज्याने अद्याप पापनिवेदन केलेले नाही, त्या कॅथलिकानेही बसूनच राहावयाचे असते. तो रांगेत दिसला नाही म्हणून शेजाऱ्याने नवल करू नये, हाही मिस्सेतील एक शिष्टाचारच.

एका पंगतीत बसण्याची कबुली आणखीही काही मागते. करिंथच्या ख्रिस्ती मंडळींना इसवी सनाच्या पहिल्या शतकात संत पॉलने लिहिलेले पत्र बायबलात आहे. प्रभुभोजनासाठी जमल्यावर तेथील श्रीमंत आपापले खाऊन घेत, आणि गरीब उपाशी राहत. तुम्ही जे खाता ते प्रभूचे भोजन नव्हेच, अशा अर्थाची कडक कानउघाडणी त्याने केली. ही केवळ दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट नव्हे. तामिळनाडूतील काही गावांत दलित ख्रिश्चनांना चर्चमध्ये वेगळी जागा आणि मरणानंतर वेगळी दफनभूमी मिळत आली आहे. भारतातील कॅथलिक धर्माध्यक्षांनी २०१६ मध्ये आपल्या धोरणपत्रात हे पाप स्वतःच कबूल केले. आपण हिंदूंनी यावर बोट ठेवण्याचे कारण नाही. तो विटाळ कोठून तेथे गेला हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. परंतु वेगळ्या बाकावर बसवलेला माणूसही त्याच वेदीवरची भाकर घेतो, आणि ते पाहणाऱ्याने 'आमेन' म्हटलेले असते. मिस्सेतून काही मिळत नाही म्हणणाऱ्याने हा शब्द एकदा सावकाश उच्चारून पाहावा. मिळते ते कधी कधी पेलवत नाही.

नाताळला ह्या साऱ्याची आठवण सहज व्हावी. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ भाकरीचे घर, आणि तेथे जन्मलेल्या बाळाला निजवले ते गुरांच्या गव्हाणीत, म्हणजे चारा खाण्याच्या जागी. चर्चच्या कोपऱ्यात गोठ्याचा देखावा मांडणारी मुले गव्हाणीत गवत पसरतात. वेदी तेथून दहा पावलांवर असते.

मिस्सा संपते ती 'जा' ह्या आज्ञेने. 'मिस्सा' हा शब्दच लॅटिनमधील निरोपाच्या वाक्यातून आलेला आहे. पुष्कळजण कम्युनिअन घेऊन, निरोप ऐकण्याआधीच दाराबाहेर पडतात. वाहने काढण्याची घाई असते. जे थांबतात त्यांच्यापैकी एखादा उद्या सकाळी वेदीजवळून एक छोटी गोल डबी छातीशी धरून निघेल. गल्लीच्या टोकाच्या घरात अंथरुणाला खिळलेली एक आजी वाट पाहत असेल. उशाशी मेजावर पांढरे कापड अंथरलेले असेल, क्रूस आणि मेणबत्ती ठेवलेली असेल, आणि सुनेने चहा तासभर लांबवलेला असेल.