बर्फातला फॅक्टर ऑफ सेफ्टी

दरवर्षी डिसेंबरात ओरल्स संपल्या रे संपल्या की हॉस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये एक नवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप जन्माला येतो. नाव काहीही असो, आत विषय एकच. बर्फ! कुणीतरी गुडघाभर बर्फात हात पसरून उभा असलेला फोटो टाकतो, खाली पंधरा जण ‘चलो भाई’ लिहितात आणि दोन दिवसांत दिल्लीची तिकिटं निघतात. मागच्या वर्षी टी.ई.ला असताना मीही त्या पंधरांत होतो. आम्ही निघालो १२ जण. जायचं होतं केदारकंठ्याला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : केदारकंठा उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात आहे. उंची साधारण १२,५०० फूट, म्हणजे ३,८०० मीटरच्या आसपास. डेहराडूनहून मसुरी, पुरोला, मोरी करत दिवसभराचा गाडीप्रवास केला की सांकरी गाव येतं. तिथून देवदाराच्या जंगलातून वर चढायचं, पहिला मुक्काम जुडा का तालाबला, दुसरा बेस कॅम्पला, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे अंधारात निघून सूर्योदयाला शिखर गाठायचं. समोर स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ, काळानाग. हिवाळ्यात करता येणाऱ्या ट्रेक्समध्ये हा सोपा मानला जातो आणि म्हणूनच तिथे गर्दीही असते.

‘सोपा’ हा शब्द आम्ही जरा जास्तच मनावर घेतला. आमच्यातल्या निम्म्यांनी हरिश्चंद्रगड, राजगड, कळसूबाई केलेलं. भर पावसात, निसरड्या कातळावर, चपला घालूनसुद्धा! सह्याद्रीत आम्ही राजे होतो राव. पण सह्याद्रीतला राजा हिमालयात एफ.ई.चा विद्यार्थी असतो. हे कळायला आम्हाला तीन दिवस लागले.

आपल्याकडे भिजलं तर काय होतं? फार तर सर्दी. कळसूबाई १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, आणि सांकरी गावच त्याहून उंच आहे. तिकडे भिजणं म्हणजे थेट हीट ट्रान्सफरचा प्रॅक्टिकल. पाणी हवेच्या साधारण २५ पट उष्णता वाहून नेतं. त्यामुळे ओला सुती मोजा पायाचं तापमान कसं खेचून घेतो ते सांगायला थर्मोचे सर लागत नाहीत. तरीही आमच्यातले चौघे जीन्सवर आले होते. जीन्स!

दुसरी गंमत प्रेशरची. ८० किलोचा माणूस (सॅकसकट) एका बुटावर उभा राहिला तर सुमारे २०० चौरस सेंटिमीटरवर वजन पडतं, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ०.४ किलो. ताजा भुसभुशीत बर्फ हे सोसत नाही, पाय मांडीपर्यंत आत जातो. परदेशात यासाठी स्नोशूज वापरतात, पायाला बांधायच्या रुंद चौकटी. क्षेत्रफळ आठपट झालं की प्रेशर आठपट कमी. केदारकंठ्याच्या वाटेवर मात्र त्यांची सहसा गरज लागत नाही, कारण हजारो पायांनी तुडवून वाट आधीच दगडासारखी झालेली असते. तिथे लागतात बुटाखाली चढवायचे मायक्रोस्पाइक्स, आणि बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीला बांधायचे गेटर्स. दोन्ही सांकरीत भाड्याने मिळतात. आमच्यातल्या काहींनी “एवढ्या पैशांत दोन मॅगी येतात” म्हणून गेटर्स घेतलेच नाहीत. माझा रूम पार्टनर त्यातलाच एक. आणि वाटेवरून एक पाऊल बाहेर पडलं, की तोच मांडीभर बर्फ!

आता मुख्य गोष्टीवर येतो. ती लिहावी की नाही यावर मी बरेच दिवस घालवले आहेत.

जुडा का तालाबला रात्रीच रूम पार्टनरचं डोकं दुखत होतं. बेस कॅम्पला त्याने जेवण टाळलं. विचारलं तर “काही नाही रे, झोप झाली नाही”. आयोजकांनी १२ जणांमागे एक गाइड आणि एक मदतनीस दिलेला, मदतनीस तंबू सांभाळायला मागे थांबणार होता. पहाटे तीनला निघालो. थंडी उणे दहाच्या आसपास. शिखर तासाभरावर राहिलेलं असताना तो बर्फात बसला. उठवलं तर दोन पावलं झोकांड्या खात गेला आणि पुन्हा बसला. मोजे ओले होते. मघापर्यंत कुडकुडणारा हा माणूस आता म्हणत होता, “मला थंडी वाजत नाहीये, तुम्ही जा ना.” मधेच सबमिशनचं काहीतरी बडबडला.

गाइडने टॉर्च त्याच्या तोंडावर मारला आणि म्हणाला, “ये थका नहीं है भैया, बीमार है. सब नीचे.”

सब? आम्ही वैतागलो. एवढा खर्च, दोन दिवसांची ट्रेन, घरच्यांना मारलेल्या थापा, आणि शिखर समोर दिसतंय! तेव्हा एक जण म्हणाला, “याला दगडाच्या आडोशाला बसवू, दोन जाकिटं घालू, येताना घेऊन जाऊ. तासाभराचा तर प्रश्न आहे.”

तो एक जण मी होतो.

गाइड माझ्याशी वादही घालत बसला नाही. त्याने रूम पार्टनरचा हात खांद्यावर घेतला आणि उतरायला लागला. दुसरा गाइड नसल्यामुळे आम्हालाही उतरावं लागलं. शहाणपणाने उतरलो असं म्हणायची सोय नाही. बेस कॅम्पला पोचून त्याचे मोजे बदलले, गरम पाणी पाजलं. मग लगेच आणखी खाली जुडा का तालाबला नेलं. तिथे दुपारी त्याने चहा मागितला आणि विचारलं, “माझ्यामुळे तुमचं राहिलं ना?” मी म्हटलं, “हो.” ट्रेनमध्ये दोघे जण तर त्याच्याशी नीट बोललेही नाहीत.

परत आल्यावर मी वाचत बसलो. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, ३,८०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या साधारण ६२ टक्के असतो. प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच कमी. आधी डोकेदुखी, मळमळ, भूक जाणं. दुर्लक्ष केलं तर पुढे मेंदूला सूज येऊ शकते, तेव्हा माणूस झोकांड्या खातो, असंबद्ध बोलतो. शरीर फार थंड पडलं तरी असंच होतं, आणि कुडकुडणं थांबणं ही तर जास्त वाईट खूण. दोन्हींपैकी त्याला काय झालं होतं, की थोडं थोडं दोन्ही, ते मला सांगता येणार नाही. पण उंचीच्या त्रासावरचा पहिला इलाज एकच, खाली उतरणं. आणि गारठलेल्या माणसाला बर्फात एकटं बसवून ठेवणं हा कशावरचाच इलाज नाही. मी मागितलेला तो ‘तासाभराचा प्रश्न’ मी नंतर मनात कितीदा तरी मोजला आहे.

यावर कुणी म्हणेल, मग जाऊच नका, रूमवर बसा. मला हे अजिबात मान्य नाही. जावंच. देवदारावरून बर्फ सुटून खाली पडतो तो आवाज आयुष्यात एकदा तरी ऐकावा. माझं म्हणणं वेगळं आहे. आपले सिव्हिलवाले साधा बीम डिझाइन करताना लोड दीडपट धरतात. आणि तेच आपण बर्फात जाताना सगळं कसं काटोकाट धरतो! सुट्टी मोजून, पैसे मोजून, जास्तीचा एक दिवस नाही. मग एक जण आजारी पडला की सगळं डिझाइन कोसळतं, आणि राग येतो तो आजारी पडणाऱ्याचा. त्याने डोकेदुखी का लपवली? कारण त्याला आम्ही माहीत होतो.

‘आता एवढे पैसे घातलेत तर...’ ही विचारपद्धती इकॉनॉमिक्समध्ये चूक म्हणून शिकवतात. परीक्षेत आपण त्यावर पाच मार्क मिळवतो आणि डोंगरावर तीच चूक करतो.

डोंगर कुणाचा अनुभव पाहून वागत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का दांडा इथे उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली. २७ मृतदेह मिळाले, दोघे सापडले नाहीत. त्यांच्यासोबत तर प्रशिक्षक होते. जून २०२४ मध्ये, ऐन उन्हाळ्यात, सहस्रतालच्या वाटेवर २२ जणांचा गट खराब हवामानात अडकला आणि ९ जण गेले. ही नावं घाबरवायला लिहीत नाहीये. ‘सोपा ट्रेक’ हा शब्द हवामान बघून बदलतो, एवढंच म्हणायचं आहे.

म्हणून ज्युनिअर्सना कळकळीची विनंती. पैसे भरण्याआधी आयोजकांना विचारा : गाइड किती, कुणी आजारी पडला तर त्याच्यासोबत खाली कोण उतरणार, ऑक्सिजन सिलिंडर आहे का. उत्तर देताना समोरचा अडखळला तर दुसरा बघा. प्लॅनमध्ये एक दिवस रिकामा ठेवा. जीन्स घरी ठेवा. मागे फिरायची वेळ आदल्या संध्याकाळी ठरवा, कारण शिखर दिसायला लागल्यावर कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रोज रात्री जेवताना प्रत्येकाने खरं सांगायचं, डोकं दुखतंय का. सांगणाऱ्याची चेष्टा करायची नाही. त्याला ‘पनवती’ म्हणायचं नाही.

रूम पार्टनर आणि मी अजून एकाच खोलीत राहतो. आडोशाला बसवायचं कोण म्हणालं होतं हे त्याला आठवत नव्हतं. हा लेख छापायला देण्याआधी मी त्याला वाचायला दिला. त्याने वाचला, थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “जीन्सवाल्या चौघांत तूपण होतास, ते लिही.”

लिहिलं. होतो.

यंदा बर्फात कोण कोण जातंय मला माहीत नाही. घरी आल्यावर मी गेटर्सची एक चांगली जोडी विकत घेतली आहे. ज्याला हवी त्याने आमच्या रूमवर येऊन न्यावी. भाडं नाही. परत मात्र स्वतः आणून द्यायची, म्हणजे सगळे नीट परत आलात ना, तेही विचारता येईल.